‘ग्लेव्हियर’ म्हणजे नक्की कोण?

‘लॉस्ट आर्क’च्या इंग्रजी आवृत्तीत २०२२ साली भालेवाली नवी क्लास आली. नाव काय, तर ‘ग्लेव्हियर’! मूळ कोरियन नाव ‘छांगसुलसा’, म्हणजे भालाविद्येत तरबेज. हातात काय आहे ते नावातच कळतं. ‘ग्लेव्हियर’ मात्र मुद्दाम घडवलेला शब्द. आजच्या फ्रेंचमध्ये तर ‘ग्लेव्ह’ म्हणजे चक्क तलवार! नाव भारी वाटलं की झालं, अर्थ गेला उडत.

पण कंपनीला शिव्या घालण्याआधी मी स्वतःकडे बघतो. माझ्या पात्राचं नाव मीही ‘लान्सर’च ठेवलं होतं. मराठीत भालाईत आहे, विटेकरी आहे; मला ते गावठी वाटले. खोट शब्दांत नव्हती, माझ्या कानात होती. पुढचं पात्र, रोमन लिपीत का होईना, ‘भालाईत’च.