महाविद्यालयाची वाट आठवीपासून

दहावीचा निकाल लागला की वसई, नालासोपारा, विरारमधील घराघरांत एकच चर्चा सुरू होते : शाखा कोणती आणि क्लास कोणता? महाविद्यालयाची तयारी म्हणजे दहावीनंतरची दोन वर्षे, हा समज इतका दृढ झाला आहे की त्याआधीच्या तीन इयत्तांचा हिशेब कोणी मांडतच नाही. हा समज महागडा आहे. आणि ज्यांना तो परवडत नाही, त्यांनाच त्याची किंमत अधिक मोजावी लागते.

मुंबई विद्यापीठाने १८५९ मध्ये पहिली मॅट्रिक परीक्षा घेतली, तेव्हा शाळेची अखेर आणि महाविद्यालयाचा उंबरठा एकच होता. कोठारी आयोगाने पुरस्कारिलेल्या दहा अधिक दोन अधिक तीन या आकृतिबंधानुसार राज्यात दहावीची पहिली शालान्त परीक्षा १९७५ मध्ये झाली आणि मध्ये दोन वर्षांचा टप्पा आला. पुढे वैद्यकीय व अभियांत्रिकीचे प्रवेश स्वतंत्र परीक्षांवर गेले. केंद्रीय विद्यापीठांनीही २०२२ पासून सामायिक परीक्षा लागू केली. शाळा एका परीक्षेसाठी शिकविते आणि प्रवेश दुसऱ्याच परीक्षेवर मिळतो. ही फट क्लासांनी भरून काढली. मागणी असेल तेथे पुरवठा होणारच. त्यात नवल नाही.

परंतु क्लासमध्ये जे विकत मिळते, ते बहुधा पायावरचे मजले होत. अकरावीतील भौतिकशास्त्राचे उदाहरण ज्याला सुटत नाही, त्याचे अनेकदा गुणोत्तर-प्रमाण आणि बीजगणित कच्चे असते. ज्याला इंग्रजी परिच्छेदाचा अर्थ लागत नाही, त्याला दोन वर्षांत वाचनाची सवय लावता येत नाही. ज्ञानाचीही चक्रवाढ असते. आठवीत राहिलेली तूट बारावीत व्याजासह वसूल होते, आणि हे व्याज कर्ज काढून क्लासचे शुल्क भरणाऱ्या पालकाच्या माथी बसते.

वसई-विरारमध्ये हा प्रश्न अधिक तीव्र आहे. २०११ च्या जनगणनेनुसार महापालिका क्षेत्राची लोकसंख्या बारा लाखांवर होती. येथील असंख्य पालक पहाटेच्या लोकलने मुंबईकडे निघतात आणि रात्री परततात. मुलाचा अभ्यास पाहावयाचा कोणी व केव्हा? तालुक्याच्या पूर्व भागातील आदिवासी पाड्यांवर तर पुष्कळदा शिकलेली पहिलीच पिढी शाळेत जात असते. अशा ठिकाणी तयारीचा भार घरावर टाकणे म्हणजे संधी वडिलांच्या मिळकतीप्रमाणे वाटून देणे होय.

शासनाने काही दारे उघडली आहेत, हे मान्य केले पाहिजे. आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या आर्थिक दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गांतील मुलींना २०२४-२५ पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षणशुल्क माफ झाले. परंतु ही माफी केंद्रीभूत प्रक्रियेतून जागा मिळविणाऱ्या मुलीस लाभते. शुल्क गेले, प्रवेशपरीक्षेची चढण मात्र राहिली. आठवीत घेतली जाणारी राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्ती परीक्षा उत्तीर्ण होऊन निवड झाल्यास नववी ते बारावी दरसाल १२,००० रुपये मिळतात. शासकीय व अनुदानित शाळेतील गरीब विद्यार्थ्याने त्या वर्षी अर्जच केला नाही, तर चार वर्षांचे ४८,००० रुपये मिळविण्याची संधी हातची गेली.

तेव्हा उपाय शाळेतच शोधावयास हवेत. आठवी-नववीत गणित व वाचनासाठी रोज एक जादा तास. सायंकाळी शाळेचीच एखादी खोली अभ्यासिका म्हणून उघडी. शिष्यवृत्तीच्या अर्जांची जबाबदारी नेमून दिलेला एक शिक्षक. आणि राखीव प्रवर्गातील मुलांच्या जात-वैधता प्रमाणपत्राची वेळीच आठवण, एवढ्यास मोठा खर्च लागत नाही. दहावीनंतर तंत्रनिकेतनाची पदविका घेऊन अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षात थेट जाता येते, हेही मुलांना नववीतच समजले पाहिजे. शिक्षकांवरील अशैक्षणिक कामांचा बोजा हलका केल्याविना हे साधणार नाही, ही शिक्षकांची तक्रार रास्त आहे.

महाविद्यालयात कोण जाणार, हे बारावीच्या निकालाच्या दिवशी जाहीर होते. ठरलेले असते त्याच्या किती तरी आधी, आठवीच्या वर्गात. तो वर्ग सार्वजनिक पैशावर चालतो. तेथील उणीव खासगी पैशाने भरून काढण्याची पाळी गरिबावर येणे, हा शिक्षणाइतकाच अर्थव्यवहाराचाही पराभव होय.