हद्द हलली, मूल तिथेच

बँकेत असताना खातेदाराची बदली झाली, की त्याच्या खात्याचे कागद आम्हीच टपालाने नव्या शाखेकडे पाठवत असू. पुण्यालगतची फुरसुंगी आणि उरुळी देवाची ही गावे २०१७ साली महापालिकेत आली. २०२४ साली ती वगळून वेगळी नगरपरिषद झाली. घर हलले नाही, हद्द हलली. अशा घरातल्या दिव्यांग मुलाचे काय? २०१६ च्या कायद्याने त्याचे प्रमाणपत्र देशभर ग्राह्य आहे. पण स्थानिक संस्थेने उत्पन्नातून दिव्यांगांसाठी राखायचा ५ टक्के निधी आपापल्या हद्दीपुरताच. मग आईबापांनी नव्या दारात पुन्हा अर्ज करायचा! जुन्या कचेरीनेच फाईल पुढे पाठवावी, तोवर मदत चालू ठेवावी. मुलाचे वाढीचे वय कागदांसाठी थांबत नाही.