खुर्ची कुणाच्या नावावर?

काश्मीरमधल्या एका शाळेत सेरेब्रल पाल्सी असलेला एक शिक्षक 'रहबर-ए-तालीम' योजनेतून नोकरीला लागला. त्याच्यावरचा मोठा आक्षेप असा, की त्याला फळ्यावर लिहिता येत नाही. वाद उच्च न्यायालयात गेला, तिथून दिल्लीला सर्वोच्च न्यायालयात. 2010 मध्ये त्या न्यायालयानं शिक्षकाची बाजू उचलून धरली आणि जाता जाता एक व्यवहारातली गोष्ट सांगितली. फळ्यावर आकृती काढण्याऐवजी ती पडद्यावर दाखवणारं इलेक्ट्रॉनिक साधन द्या, अडचण उरणार नाही. एका प्रोजेक्टरनं जे मिटलं असतं, त्यासाठी देशाच्या सर्वोच्च न्यायालयाला वेळ काढावा लागला.

'याला हे जमतं का?' हा प्रश्न सगळ्यांनी विचारला. 'काय दिलं तर जमेल?' हा प्रश्न मात्र थेट दिल्लीत निघाला.

आता हाच दुसरा प्रश्न विचारायला लावणारा कायदा हाताशी आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 2016 मध्ये संमत झाला आणि एप्रिल 2017 पासून लागू झाला. सरकारी नोकरीतलं आरक्षण 3 टक्क्यांवरून 4 टक्क्यांवर गेलं, हे सगळ्यांना ठाऊक असतं. त्याच कायद्याचं कलम 20 सांगतं, की सरकारी आस्थापनेनं दिव्यांग कर्मचाऱ्याला काम करता यावं म्हणून वाजवी सोयी द्यायच्याच आहेत. हे कलम कार्यालयात फारसं कुणी वाचलेलं नसतं. 'नोकरी लागली ना, आता आणखी काय हवं?' हे वाक्य मात्र सगळ्यांना पाठ. आरक्षणामुळे माणूस टेबलापर्यंत पोचतो. टेबल त्याच्या उंचीचं आहे का, हे मात्र फारसं कुणी बघत नाही.

एक गैरसमज तर फारच चिवट आहे. 40 टक्के दिव्यांगत्वाचा दाखला नसेल तर काहीच मागता येत नाही, असं कर्मचारीही समजतात आणि साहेबही. 40 टक्क्यांची अट आरक्षणासारख्या लाभांसाठी आहे. लिहिताना हात आखडण्याचा त्रास असलेल्या एका उमेदवाराला नागरी सेवा परीक्षेत लेखनिक नाकारला गेला होता. त्या विकास कुमार प्रकरणात 11 फेब्रुवारी 2021 रोजी सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं, की वाजवी सोय मिळण्यासाठी ही टक्केवारी लागत नाही. प्रत्येकाची गरज वेगळी असते, ती त्या माणसाकडे पाहूनच ठरवायची.

खर्चाचा बाऊ सगळ्यात आधी होतो. कायद्यानं 'अवाजवी बोजा' पडत असेल तर सूट दिली आहे, आणि हे दोन शब्द पुष्कळ अधिकाऱ्यांना बाकी सगळ्या कायद्यापेक्षा चांगले लक्षात राहतात. अमेरिकेत 'जॉब अ‍ॅकोमोडेशन नेटवर्क' ही संस्था 1983 पासून मालकांना या बाबतीत सल्ला देते. तिच्या पाहण्यांत साधारण निम्म्या सोयींना एक पैसाही लागलेला नाही. ज्यांना एकदाच खर्च करावा लागला, त्यांचा मध्यम आकडा 300 डॉलरच्या आसपास निघतो. आपल्याकडेही फार वेगळं चित्र असण्याचं कारण नाही. व्हीलचेअर आत सरकावी म्हणून टेबलाखालचे खण काढायला एक सुतार पुरतो. दुसऱ्या मजल्यावरचं टेबल तळमजल्यावर आणायला दोन शिपाई पुरतात.

दृष्टिहीन लिपिकाचं उदाहरण घ्या. त्याला संगणकावरचा मजकूर वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर लागतं, स्क्रीन रीडर. 'जॉज' नावाचं असं सॉफ्टवेअर विकत घ्यावं लागतं आणि ते महाग आहे. पण 2006 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या मायकेल करन या दृष्टिहीन तरुणानं सुरू केलेलं 'एनव्हीडीए' फुकट आहे, आणि ते मराठीही वाचतं. म्हणजे हेडफोन आणून दिला की काम संपलं?

नाही. खरी गंमत इथून पुढे. समोरची फाइल जर 'कृतिदेव'सारख्या जुन्या फाँटमध्ये टाइप केलेली असेल, तर डोळ्यांना 'मराठी' दिसतं. संगणकाच्या पोटात मात्र ई, जे, के, बी, एच अशी रोमन अक्षरं साठवलेली असतात. स्क्रीन रीडर बिचारा जे साठवलंय तेच वाचतो. युनिकोडमध्ये टाइप केलं तर मराठी मराठीच राहते. त्यावर आणखी एक थर असतो. पत्र छापायचं, साहेबांची सही घ्यायची, मग ते स्कॅन करून पीडीएफ पाठवायचं. तो निव्वळ फोटो. त्यात वाचण्याजोगं अक्षरच नसतं. सॉफ्टवेअर बसवलं, साहित्य दिल्याचा फोटो निघाला, आणि लिपिक शेजारच्याला विचारतोय, 'अहो, यात काय लिहिलंय?' इथली सोय म्हणजे एकट्याचं यंत्र नव्हे. बाकीच्या तीस जणांनी फाँट बदलायचा आणि मूळ वर्ड फाइलही सोबत पाठवायची. त्याला खर्च शून्य. हट्ट मात्र सोडावा लागतो, आणि तोच सुटत नाही.

यंत्र विकत घ्यायचंच असेल, तर फाइलचा प्रवास सुरू होतो. आस्थापना शाखा म्हणते, ही खरेदी, भांडार शाखेकडे पाठवा. भांडार विचारतं, तरतूद कुठल्या लेखाशीर्षाखाली? लेखा शाखा 'शासन निर्णय जोडावा' असा शेरा मारून नस्ती परत पाठवते. या तिघांना उत्तर देणारा कागद केंद्रानं केव्हाच काढलाय. 31 मार्च 2014 च्या कार्मिक विभागाच्या परिपत्रकात कमी दृष्टीसाठीची साधनं, श्रवणयंत्रं, खास फर्निचर, व्हीलचेअर, सॉफ्टवेअर, स्कॅनर यांचा नावानिशी उल्लेख आहे. ती द्या किंवा त्यांचे पैसे परत करा, आणि नवी, अधिक चांगली साधनं आली आहेत का, याचा दर तीन वर्षांनी आढावा घ्या, असं त्यात म्हटलंय. हे केंद्रीय कर्मचाऱ्यांपुरतं खरं, पण राज्यात किंवा महापालिकेत अर्ज करणाऱ्यानं नमुना म्हणून जोडायला काय हरकत आहे? महाराष्ट्रात डिसेंबर 2022 मध्ये दिव्यांग कल्याणाचा स्वतंत्र विभाग झाला, पुण्यात आयुक्तालय आहे. पण शेवटी नस्ती हलते ती खालच्याच टेबलांवरून.

खासगी कंपन्याही मोकळ्या नाहीत. 2017 च्या नियमांनुसार 20 किंवा अधिक माणसं असलेल्या आस्थापनेनं समान संधी धोरण करायचं, त्यात दिव्यांग कर्मचाऱ्यांना कोणत्या सोयी मिळतील ते लिहायचं आणि संपर्क अधिकारी नेमायचा. कायदा मोडल्यास पहिल्या वेळी दंड आहे 10 हजार रुपयांपर्यंत. बऱ्याच कंपन्यांच्या दिवाळीच्या मिठाईचं बिल याहून मोठं असतं.

आणि समजा, हे सगळं पार पडलं. योग्य उंचीची, पाठीला नीट आधार देणारी खुर्ची आली, त्या माणसाला विचारून आणली. ती चढते डेडस्टॉक रजिस्टरवर, म्हणजे कार्यालयाच्या नावावर. राज्याच्या बदल्यांच्या कायद्यात पदावधी साधारण 3 वर्षांचा धरलाय. बदलीचा आदेश आला की कर्मचारी जातो आणि खुर्ची तिथंच राहते. नव्या ठिकाणी पुन्हा अर्ज, पुन्हा टिपणी, पुन्हा लेखाशीर्ष. खरेदीच्या मंजुरी आदेशातच 'हे साहित्य कर्मचाऱ्यासोबत वर्ग होईल' अशी एक ओळ टाकून घ्यायचा प्रयत्न करावा. अर्ज लिहिणाऱ्यानं ती मागणी पहिल्याच अर्जात घालावी. नंतर घालायला पुन्हा तीच तीन टेबलं फिरावी लागतात.