कोरी वही, पण सरस नको



हाताने शिवलेल्या वह्यांना, मुली ज्यांना ‘जर्नल’ म्हणतात त्यांना, पुण्या-मुंबईकडून बरी मागणी आहे. आमच्या मेहकरकडच्या खेड्यातून पार्सल तालुक्याला नेऊन द्यावं लागतं, एवढाच त्रास. घरबसल्या होण्याजोगा धंदा म्हणून बऱ्याच जणी विचारतात. जरूर करा. पण वहीत काय काय जातं ते आधी बघा.

चामड्याचं कव्हर आपण करणार नाही, हे उघड आहे. पंधरा कर्मादानांतलं दंतवाणिज्य म्हणजे नुसतं हस्तिदंत नव्हे. कातडं, हाडं, केस सगळं त्यात आलं. पण न दिसणाऱ्या वस्तूंचं काय? बाइंडरचा सरस जनावरांच्या हाडा-कातड्यांचा असतो. दोऱ्यावर ओढायचं मेण मधाच्या पोळ्याचं, आणि मध तर आपल्याला अभक्ष्य. खुणेची फीत रेशमी. हातकागदावर शाई फुटू नये म्हणून कुठे कुठे जिलेटिन देतात. केकमध्ये अंडं आहे का, हे आपण दुकानात दोनदा विचारतो; कागदवाल्याला एकदाही नाही.

सुती दोरा, मेणबत्तीचं मेण, सुती फीत, राळेची खळ दिलेला कागद हे सगळं मिळतं. अडचण चिकटवण्याची. कणकेची खळ उत्तम, पण पावसाळ्यात तिला बुरशी येते, आणि कीड लागू नये म्हणून बाइंडर तीत मोरचूद घालतात. ते विषच. म्हणून माझं मत असं, की खळीचं काम उन्हाळ्यात उरकावं आणि चातुर्मासात नुसती शिवण करावी, पाठ उघडी ठेवून. दिवाळीच्या ऑर्डरी नेमक्या तेव्हाच येतात, हे खरं. थोड्या कमी घ्याव्यात.

अशी वही टिकेल का, असं विचारतात. शेजारच्या वाशीम जिल्ह्यात कारंज्याचे ग्रंथभांडार आहेत. रायबहादूर हिरालाल यांनी १९२६ साली मध्यप्रांत-वऱ्हाडातल्या हस्तलिखितांची सूची छापली, तीत तिथल्या पोथ्या आहेत. आपल्या जुन्या पोथ्या म्हणजे सुटी पानं, वर-खाली पाट्या आणि बासन. ना सरस, ना शिवण, तरी शेकडो वर्षं राहिल्या.

‘कोरी वही ती, पोथी थोडीच आहे?’ असंही एका काकूंनी म्हटलं. पण ज्ञानपंचमीला आपण पाटावर कोरी वही आणि लेखणीसुद्धा मांडतो, दिवाळीला नवी वही पुजतो. कुणाच्या घरी आपलीच वही पाटावर गेली, तर तिच्या पाठीत सरस असावा का?

किंमत सांगताना मात्र लाजू नका. ‘घरीच तर करतेस’ म्हणून निम्म्या भावात मागणाऱ्या सर्वांत जास्त आपल्याच नात्यातल्या असतात. कातड्याची मागणी आली की मी नम्रपणे नाही म्हणते आणि खादीच्या कव्हरचा फोटो पाठवते. काही जणी तीच वही घेतात, काही पुन्हा फोन करत नाहीत.