परतीची वेळ आधी लिहा

गेल्या मे महिन्यात सुट्टीवर असताना माझ्या चुकीमुळे माझा धाकटा भाऊ उन्हाने आजारी पडला. तो आता ठणठणीत आहे. ही गोष्ट मी शाळेत दोघा-तिघा मित्रांनाच सांगितली होती. आज मराठी पानावर लिहितो आहे, कारण त्या दिवसापासून माझे एक मत पक्के झाले आहे. सहलींचा आराखडा आपण कॅडेटांनीच करायला शिकले पाहिजे आणि त्याची पहिली ओळ परतीच्या वेळेची असली पाहिजे.

माझे घर झाशीजवळ बिजौलीला आहे. सुट्टी लागली की मी साताऱ्याहून गोवा एक्सप्रेसने निघतो. गाडी बबिना सोडल्यावर आमच्या बिजौलीवरून न थांबता जाते आणि मी दारात उभा राहून घराच्या दिशेने बघत झाशीला उतरतो. पणजोबांच्याही आधीपासून आमचे घराणे झाशीत आहे. आजी अजून गणेश मंदिरात जाते. राणी लक्ष्मीबाईंचे लग्न तिथे लागले, हे ती प्रत्येक पाहुण्याला सांगते.

साताऱ्याला राहून मी डोंगर शिकलो. अजिंक्यतारा तर रोजचाच झाला आहे. सज्जनगड, यवतेश्वर, कास, वासोटाही झाले. त्यामुळे सुट्टीत घरी गेलो की मी स्वतःला मोठा भटक्या समजत असे. मेमध्ये बारा वर्षांचा भाऊ आणि तेरा वर्षांचा आत्येभाऊ यांना घेऊन सायकलने ओरछ्याला जायचे मी ठरवले. झाशीहून ओरछा १६ किलोमीटर. बिजौलीपासूनचे अंतर धरले तर जाऊन-येऊन पन्नासच्या घरात जाते. बाबांनी परवानगी दिली, कारण मी कॅडेट! आजी मात्र म्हणाली, "अरे, लू चालते. अकराच्या आत घरात पाहिजे." तिने आमच्या खिशात एकेक कांदा टाकला. आम्ही हसलो आणि कोपऱ्यावर कांदे काढून टाकले.

पहाटे पाचला निघायचे, हे मी वहीत लिहिले होते. वाटेत कुठे थांबायचे, काय खायचे, काय बघायचे, तेही लिहिले होते. परत किती वाजता फिरायचे, ते मात्र लिहिले नव्हते.

वाटेत एक सायकल पंक्चर झाली. ओरछ्याला पोचायला आठ वाजले. बेतवेच्या काठच्या छत्र्या, त्यांच्या कळसांवर बसलेली गिधाडे, थंड पाणी, हे सगळे बघून कोणालाच निघावेसे वाटेना. निघालो तेव्हा साडेदहा वाजून गेले होते. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो. साडेअकराला रस्ता तव्यासारखा तापला होता आणि वारा भट्टीतून आल्यासारखा अंगावर येत होता. पाणी संपले. झाशीच्या अलीकडेच भाऊ सायकलवरून उतरला आणि रस्त्याच्या कडेला बसला. त्याला उलटी झाली. अंग चटके बसावे इतके तापले होते, पण घाम येत नव्हता. मी काही विचारले की तो भलतेच उत्तर देत होता.

जवळच्या चहाच्या टपरीवरचे काका धावून आले. त्यांनी त्याला कडुनिंबाखाली आडवे केले, शर्ट काढला, अंगावर पाणी ओतले आणि ओल्या गमछाने वारा घालायला लागले. मी बाबांना फोन केला. दवाखान्यात सलाईन लावल्यावर संध्याकाळी तो नीट बोलायला लागला. डॉक्टर बाबांना म्हणाले, "अर्धा तास उशीर झाला असता तर अवघड होते." बाबा मला एक शब्द बोलले नाहीत. ते रागावले असते तर बरे वाटले असते.

त्या रात्री मला वासोटा आठवला. डिसेंबरात आपण वासोट्याला गेलो होतो. बामणोलीहून शिवसागर जलाशयातून तास-दीड तास लाँच, मग कोयना अभयारण्यातून दोन-अडीच तासांची चढण. गडावर पोचायला आपल्याला उशीर झाला होता. मारुतीचे देऊळ आणि पाण्याची टाकी बघून होतात तोच उस्तादांनी शिट्टी मारली. बाबूकडा राहिला. आपण सगळे कुरकुरलो. मी तर सगळ्यांत जास्त. उस्ताद एवढेच म्हणाले, "खाली नावाडी थांबलाय. अंधारात लाँच चालत नाही आणि जंगलात मुक्काम करता येत नाही."

वासोट्याला परतीची वेळ नावाडी आणि वनखाते ठरवते. ओरछ्याला ती मी ठरवायची होती. कोणी शिट्टी मारणारे नव्हते. आपण शाळेत शिट्टी ऐकायला शिकतो. ती कधी मारायची हे मात्र मला माहीत नव्हते, कारण ते गणित मी कधी स्वतः केलेच नव्हते.

ते गणित अवघड नाही. १८९२ मध्ये नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने एक साधा नियम सांगितला, तो आजही वापरतात. सपाटीवर ताशी पाच किलोमीटर धरायचे आणि दर ६०० मीटर चढाला एक तास वाढवायचा. दहा किलोमीटरची वाट आणि ६०० मीटर चढ असेल तर तीन तास. हा नियम दमदार माणसाचा आहे. त्यात विश्रांतीचे आणि गटातल्या सर्वांत हळू चालणाऱ्याचे तास वेगळे घालावे लागतात. मग शेवटून मागे मोजायचे. किती वाजता मुक्कामावर पोचायलाच हवे? त्यातून उतरायचे तास वजा केले की मागे फिरायची वेळ मिळते. त्या वेळी शिखर शंभर पावलांवर असले तरी मागे फिरायचे.

शेवटचा मुक्काम किती वाजता, हे ठरवतो ऋतू. माझी खरी चूक इथेच झाली. साताऱ्यात मे महिन्यात संध्याकाळी डोंगरावर वारा सुटतो, म्हणून बिजौलीलाही चालून जाईल असे मी धरले. साताऱ्यात राहूनसुद्धा दर ऋतूचा धोका वेगळा असतो. जून ते ऑगस्टमध्ये धोका पाण्याचा, शेवाळलेल्या दगडांचा आणि धुक्याचा. तेव्हा सज्जनगडाच्या पायऱ्या चालतील आणि ठोसेघरचा धबधबा कठड्याच्या अलीकडून बघावा, पण ओढा ओलांडायची वाट नको. सप्टेंबरात कासच्या पठाराला फुले येतात. तिथे जपायचे ते आपल्या पायांपासून फुलांना, आणि गर्दी टाळायला सुट्टीचा वार टाळायचा. हिवाळ्यात वासोट्यासारख्या लांब वाटा कराव्यात, पण दिवस लहान, त्यामुळे धोका अंधाराचा. उन्हाळ्यात पहाटे अजिंक्यतारा, आणि ऊन चढायच्या आत खाली. बुंदेलखंडात भटकायचे ते नोव्हेंबर ते फेब्रुवारी. उन्हाळ्यात आजीचेच वेळापत्रक खरे, "अकराच्या आत घरात."

आपल्या पूर्वजांना हे चांगले ठाऊक होते. पावसाळ्यात फौजा छावणीला बसत आणि दसऱ्याला सीमोल्लंघन करून मोहिमेवर निघत. १७२९ मध्ये छत्रसालाच्या मदतीला पहिले बाजीराव बुंदेलखंडात आले, तेही पावसाळा लागायच्या आत. घोड्याला चारा कधी मिळेल आणि नद्या कधी उतरतील हे बघून निघायचा महिना ठरत असे. आपण इतिहासाच्या तासाला लढाईची तारीख पाठ करतो, पण ती त्याच महिन्यात का झाली हे विचारत नाही.

काही मित्र म्हणतील, मागे फिरणे कॅडेटला शोभत नाही. त्यांच्यासाठी दोन उदाहरणे. जानेवारी १९०९ मध्ये अर्नेस्ट शॅकल्टन दक्षिण ध्रुवापासून साधारण १८० किलोमीटरवर होता. तोपर्यंत तिथवर कोणीच पोचले नव्हते. अन्न पुरणार नाही हे दिसताच तो मागे फिरला आणि चारही जण जिवंत परतले. उलट १० मे १९९६ ला एव्हरेस्टवर दुपारी दोननंतरही बरेच जण चढत राहिले. वादळ आले आणि आठ जण दगावले. त्यांच्यात अनुभवी मार्गदर्शकही होते. शॅकल्टनला कोणी भित्रा म्हणत नाही.

म्हणून माझी सूचना अशी आहे. दर सत्रात प्रत्येक हाऊसने एका छोट्या सहलीचा आराखडा स्वतः करावा. एकाच पानावर पाच ओळी पुरेत. मागे फिरायची वेळ. या ऋतूतला मुख्य धोका. पाणी किती आणि वाटेत कुठे. सर्वांत हळू चालणारा कोण आणि त्याच्या वेगाने किती तास. आपण कुठे आहोत हे मागे कोणाला माहीत आहे. उस्तादांनी ते पान तपासावे, चुका लाल शाईने दाखवाव्यात, हवे तर नापास करावे. सही त्यांचीच असेल आणि सहलीला तेही बरोबर असतीलच.

यावर शिक्षक म्हणतील की काही झाले तर जबाबदारी आमच्यावर येते. हे अगदी खरे आहे, म्हणूनच शेवटचा निर्णय त्यांच्याकडेच असावा. पण आम्ही फक्त रांगेत चालायला शिकलो, तर शाळेच्या फाटकाबाहेर पडल्यावर काय? सुट्टीत आम्ही घरी जातो, लहान भावंडे आमच्याकडे बघतात, आणि अंगावर गणवेश असतो म्हणून घरचे डोळे मिटून परवानगी देतात. पालकांनाही माझी विनंती आहे. पुढच्या सुट्टीत तुमचा मुलगा किंवा मुलगी कुठे निघाली, तर "कधी निघणार?" याआधी "मागे कधी फिरणार?" असे विचारा. उत्तर लगेच आले नाही तर पाठवू नका.

येत्या डिसेंबरात आम्ही तिघे पुन्हा ओरछ्याला जाणार आहोत. हट्ट भावाचाच आहे. या वेळी आराखडा त्याने केला आणि फोटो काढून मला पाठवला. अक्षर गिचमिड आहे आणि पाण्याचा हिशोब चुकला आहे, तो मी दुरुस्त करून परत पाठवला. पण पहिल्या ओळीत त्याने लिहिले आहे, "ओरछ्याहून दुपारी १ वाजता निघायचे. दादाने नाही म्हटले तरी."