मुलाची गोळी

'डॉक्टर, रागावणार नसाल तर एक सांगते,' असे म्हणत त्यांनी पर्समधून गोळ्यांची एक पट्टी काढून मेजावर ठेवली. वय ६२. घरी ८९ वर्षांच्या सासूबाई अंथरुणावर. देह थकलेला, बुद्धी मात्र लख्ख. त्यांचे सर्व काही बाईच पाहतात. दोन वर्षांपूर्वी यजमान गेले आणि तेव्हापासून घराची घडी विसकटली. दूध उतू जाते, बिले राहून जातात; आणि महिन्यापूर्वी सासूबाईंची रक्त पातळ ठेवणारी गोळी एकाच सकाळी दोनदा दिली गेली. सुदैवाने अपाय झाला नाही. परंतु आपल्याला स्मृतिभ्रंश जडला, या भीतीने बाई पुरत्या खचल्या होत्या.

पट्टी त्यांच्या ३४ वर्षांच्या मुलाची होती. त्याला एडीएचडीचे, म्हणजे अवधान-न्यूनतेच्या विकाराचे, निदान झाले असून तो मिथाइलफेनिडेट घेतो. 'तो माझ्यावरच गेला आहे' या हिशेबाने बाईंनी अर्धी गोळी मोडून घेतली. त्या दिवशी साचलेली सगळी कागदपत्रे लागली. रात्री मात्र छातीत धडधड, आणि पहाटेपर्यंत डोळ्याला डोळा नाही.

मी रागावलो नाही. खरे सांगणारा रुग्ण क्वचितच भेटतो.

गोळीने लक्ष लागले, म्हणजे विकार आहेच, असा समज सुशिक्षितांतही आढळतो. तो चुकीचा आहे. हे औषध १९४४ साली स्वित्झर्लंडमधील सिबा कंपनीत लिआंद्रो पॅनिझॉन या रसायनशास्त्रज्ञाने तयार केले. त्याची पत्नी टेनिस खेळण्यापूर्वी ते घेई आणि तिचा खेळ सुधारे, असे सांगतात. तिच्या 'रीटा' या नावावरूनच 'रिटालिन' हे नाव पडले. निरोगी माणसालाही या औषधाने हुशारी वाटते. त्यावरून निदान होत नाही.

निदान होते ते आयुष्याच्या इतिहासावरून. विकाराची लक्षणे वयाच्या १२ वर्षांपूर्वीपासून असावी लागतात. साठीनंतर प्रथमच विसराळूपणा आला असेल, तर कारण दुसरीकडे शोधावे: थायरॉइड, ब जीवनसत्त्व १२ ची कमतरता, झोपेत श्वास अडखळणे, नैराश्य, चालू असलेली औषधे, किंवा खरोखरीचा स्मृतिभ्रंश. बाईंच्या थोरल्या भावाला दूरध्वनी केला, तर ते हसू लागले. दर पावसाळ्यात हिच्या दोन छत्र्या हरवत. आणि निर्णायक साक्ष सासूबाईंनी दिली. 'लग्न झालं त्या वर्षीही दूध असंच उतू जायचं. पण चाळीस वर्षांपूर्वीच्या पाहुण्यांची नावं विचारा हिला, आणि काल कोण येऊन गेलं तेही!' आयुष्यभर वेळापत्रक सांभाळले ते यजमानांनी. तो आधार गेला आणि जुनाच विकार उघडा पडला. स्मृतीच्या व रक्ताच्या तपासण्या निर्दोष निघाल्या.

मग गोळी का द्यायची नाही? बाईंचा प्रश्न रास्तच होता. हे औषध मेंदूतील डोपामिन व नॉरॲड्रेनलिन यांचे कार्य वाढवते. त्याबरोबर नाडी आणि रक्तदाबही वाढतात. बाईंचा रक्तदाब त्या दिवशी १५८/९४ होता. कॅनडातील ऑन्टारिओ प्रांतात ६६ वर्षे व त्यापुढील व्यक्तींच्या २०२१ च्या एका अभ्यासात, उत्तेजक औषध सुरू केल्यानंतरच्या पहिल्या ३० दिवसांत हृदयविकाराच्या घटना अधिक आढळल्या. म्हणून या वयात हृदयाचा आलेख आधी आणि औषध नंतर. काचबिंदू असल्यास किंवा कंपवातासाठी सेलेजिलिन चालू असल्यास हे औषध टाळतात. भूक मंदावते, त्यामुळे मुळातच कृश असलेल्यांचे वजन पाहावे लागते. झोपेसाठी मात्रा सकाळीच घ्यावी लागते.

अर्धी गोळी मोडण्याची आपल्या घरांतील सवय येथे घातक ठरू शकते. साधी गोळी तीन-चार तास काम करते. दीर्घकाळ चालणारी गोळी औषध हळूहळू सोडते, आणि अशी बहुतेक बनावट मोडली की दिवसभराचे औषध एकदम अंगात उतरते. शिवाय हे औषध आपल्याकडे परिशिष्ट 'एक्स'मध्ये येते. औषधविक्रेत्याला चिठ्ठीची प्रत दोन वर्षे जपावी लागते. एकाच्या नावाची गोळी दुसऱ्याने घेणे यात बसत नाही, मग ते मायलेक का असेनात.

सध्या बाईंचा रक्तदाब आटोक्यात आणतो आहोत. हृदयरोगतज्ज्ञांनी अनुकूल मत दिले, तर मानसोपचारतज्ज्ञ अगदी अल्प मात्रेने सुरुवात करतील, आणि पहिला महिनाभर दर आठवड्याला नाडी व रक्तदाब पाहतील. तोवर रक्त पातळ ठेवणारी गोळी देण्याचे काम मुलाने घेतले आहे. उरलेल्या औषधांसाठी सात कप्प्यांचा डबा आणला आहे. तो सासूबाईंच्या उशाशी असतो, आणि सकाळचा कप्पा रिकामा झाला की नाही, हे त्या स्वतः उघडून पाहतात.