धूर दिसत नाही, म्हणून पास!

गेल्या महिन्यात स्कूटरच्या पीयूसीची मुदत संपत आली, म्हणून पेट्रोल पंपाशेजारी उभ्या असलेल्या व्हॅनपाशी गेलो. माझ्या पुढे एक डिझेल टेम्पो होता. सायलेन्सरमध्ये नळी गेली, चालकाने दोन-तीनदा अ‍ॅक्सिलरेटर दाबला, पडद्यावर आकडा उमटला आणि कागद हातात. मग माझी पाळी. तोवर कटिंग चहासुद्धा संपला नव्हता. व्हॅनमधल्या मुलाला सहज विचारले, ‘‘यात नायट्रोजन ऑक्साइड किती आलं?’’ तो म्हणाला, ‘‘ते यात येत नाही काका.’’

त्याचे उत्तर बरोबर होते आणि अडचण नेमकी तिथेच आहे. घरी जाऊन आपल्या पीयूसीचा कागद पाहा. पेट्रोल किंवा सीएनजीची गाडी असेल तर त्यावर कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन यांचे आकडे दिसतील. काही नव्या गाड्यांच्या कागदावर हवा आणि इंधन यांच्या प्रमाणाचा आकडाही असतो. डिझेल असेल तर फक्त धुराची दाटी, म्हणजे धुरातून प्रकाश किती अडतो ते. शहरातल्या फुफ्फुसांना आज ज्यांचा त्रास सर्वांत जास्त होतो, ते नायट्रोजनचे ऑक्साइड आणि अतिसूक्ष्म कण या कागदावर नाहीत. त्यांचे मोजमापच होत नाही.

ही पद्धत मुळात चुकीची नव्हती. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ चे आहेत. तेव्हा रस्त्यावर कार्ब्युरेटरच्या गाड्या होत्या. बिघडलेला कार्ब्युरेटर अर्धवट जळलेले इंधन आणि कार्बन मोनॉक्साइड ओकायचा, डिझेलचे ट्रक काळेकुट्ट ढग सोडायचे. हे दोष पकडायला तेवढी चाचणी पुरेशी होती. त्यानंतर इंजिने पूर्णपणे बदलली, व्हॅनमधले कामकाज मात्र फारसे बदलले नाही.

नायट्रोजनचे ऑक्साइड इंधनातून नव्हे, मुख्यतः हवेतून तयार होतात. हवेत नायट्रोजन आणि ऑक्सिजन असतातच. सिलिंडरमध्ये तापमान खूप वाढले की ते एकमेकांशी जोडले जातात. म्हणजे ज्वलन जितके उष्ण तितके हे वायू जास्त. काजळीचे गणित उलटे असते. ज्वलन थंड आणि अर्धवट असेल तर काजळी वाढते. ओल्या लाकडाची चूल धुमसते आणि डोळ्यांत पाणी आणते. गॅसच्या निळ्या ज्योतीतून काही दिसत नाही, पण थोडा नायट्रोजन डायऑक्साइड तिथेही तयार होतोच. डिझेल इंजिनाच्या अभियंत्यांना ही ओढाताण चांगली ठाऊक आहे. धूर कमी करायला गेले की नायट्रोजन ऑक्साइड वाढतात आणि उलटही होते. त्यामुळे केवळ धूर पाहून गाडी ‘स्वच्छ’ ठरवणारी चाचणी निम्मेच चित्र पाहते. पेट्रोलच्या बाबतीत तर गाडी जागच्या जागी, बिनओझ्याची चालवून तपासतात. तेव्हा इंजिन पुरेसे तापलेलेच नसते. हे वायू खऱ्या अर्थाने तयार होतात ते घाट चढताना, ओव्हरटेक करताना, सिग्नल सुटल्यावर.

शरीराचे काय होते? नायट्रोजन डायऑक्साइड श्वासनलिकांच्या अस्तराला दाह करतो. दमा असलेल्यांचा त्रास त्याने वाढतो आणि मुलांमध्ये दमा सुरू होण्याशीही त्याचा संबंध दिसून आला आहे. उन्हात त्यापासून ओझोन बनतो, हवेतल्या अमोनियाशी संयोग होऊन सूक्ष्म कणही बनतात. म्हणजे नळीतून वायू म्हणून निघालेली वस्तू नाकापर्यंत कण होऊन येऊ शकते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ मध्ये डिझेलचा धूर माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकला. नायट्रोजन डायऑक्साइडची वार्षिक सरासरी घनमीटरला १० मायक्रोग्रॅमच्या वर नसावी, असे याच संघटनेने २०२१ मध्ये सांगितले. आपले राष्ट्रीय मानक २००९ चे आहे आणि ते ४० मायक्रोग्रॅम आहे. चौकात आठ तास उभा राहणारा वाहतूक हवालदार, रिक्षावाला, सिग्नलजवळचा टपरीवाला यांना या दोन आकड्यांमधला फरक रोज छातीत घ्यावा लागतो.

नव्या गाडीच्या बाबतीत आपण बरेच पुढे आलो आहोत, हे मान्य केले पाहिजे. बीएस-४ वरून बीएस-५ ची पायरी गाळून १ एप्रिल २०२० पासून थेट बीएस-६ लागू करणे हा धाडसी निर्णय होता. डिझेल मोटारीची नायट्रोजन ऑक्साइडची मर्यादा किलोमीटरला २५० मिलिग्रॅमवरून ८० वर आली. इंधनातले गंधक ५० वरून १० पीपीएमवर आले. डिझेल गाड्यांत कण अडवणारा फिल्टर आला आणि मोठ्या गाड्यांत युरियाचे द्रावण फवारून नायट्रोजन ऑक्साइड मोडणारी यंत्रणा आली. कोणतेही नवे मॉडेल विक्रीला येण्याआधी पुण्याच्या वेताळ टेकडीवरील एआरएआयसारख्या संस्थेत त्याची चाचणी होते. मोटारीला रोलरवर चढवून ठरावीक वेगाने, ठरावीक क्रमाने ११८० सेकंद, म्हणजे वीस मिनिटांहून थोडे कमी, चालवले जाते.

पण परीक्षेचा पेपर आधीच ठाऊक असला की काय होते, हे जगाने २०१५ मध्ये पाहिले. अमेरिकेतल्या वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठाच्या एका छोट्या गटाने (त्यात भारतातून शिकायला गेलेले संशोधकही होते) डिझेल मोटारींच्या डिकीत मोजणीयंत्रे ठेवून त्या रस्त्यावर चालवल्या. प्रयोगशाळेत नियमात बसणाऱ्या फोक्सवॅगनच्या गाड्या रस्त्यावर मर्यादेच्या कित्येक पट नायट्रोजन ऑक्साइड सोडत होत्या. चाचणी चालू आहे हे ओळखून तेवढ्यापुरते शहाण्यासारखे वागणारे सॉफ्टवेअर जगभरातल्या सुमारे १ कोटी १० लाख गाड्यांत होते. भारतातही एआरएआयच्या तपासणीनंतर कंपनीने सुमारे ३.२३ लाख गाड्या परत बोलावण्याचे जाहीर केले. हरित लवादाने २०१९ मध्ये ५०० कोटींचा दंड ठोठावला आणि सर्वोच्च न्यायालयाने कारवाईला स्थगिती दिली. या एका कंपनीपुरतेच हे प्रकरण नव्हते. प्रयोगशाळेतली मर्यादा आणि रस्त्यावरचे वास्तव यांतल्या फरकामुळे २०१५ या एका वर्षात जगात सुमारे ३८ हजार अकाली मृत्यू झाले, असा अंदाज २०१७ मध्ये ‘नेचर’मध्ये आलेल्या संशोधनात मांडला होता. आपल्याकडे एप्रिल २०२३ पासून नव्या मोटारींसाठी प्रत्यक्ष रस्त्यावरची चाचणीही आली. चांगलेच झाले.

विमानांच्या इंजिनांचे प्रमाणन याहूनही जुन्या वळणाचे आहे. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या नियमांनुसार इंजिन बाकावर बांधून चार ठरावीक जोरांवर चालवतात. जमिनीवर रांगताना ७ टक्के जोर आणि २६ मिनिटे, उड्डाणाच्या क्षणी १०० टक्के जोर आणि ०.७ मिनिटे, अशी विमानतळाभोवतालच्या ३००० फुटांपर्यंतची ती बेरीज असते. वर उंचावर तासन्‌तास काय होते, ते त्यात धरलेले नाही. तरीही विमानाच्या बाबतीत एक गोष्ट चोख आहे. त्या इंजिनाची प्रत्येक दुरुस्ती, प्रत्येक बदललेला भाग कागदावर नोंदवलेला असतो. आपल्या रस्त्यावरच्या ट्रकचे तसे नाही.

इथेच माझा मुद्दा आहे. गाडी जन्मताना आपण तिची कसून परीक्षा घेतो आणि पुढची पंधरा वर्षे व्हॅनमधल्या नळीवर सोडून देतो. बीएस-६ गाडीची सगळी स्वच्छता फिल्टर, कॅटॅलिस्ट आणि युरियाची टाकी यांच्यावर अवलंबून आहे. फिल्टर तडकला किंवा कुणी खर्च वाचवायला कापून काढला, युरियाची यंत्रणा एखाद्या उपकरणाने फसवून बंद केली, तर गाडी धूर न दाखवताही घातक होऊ शकते. आणि पीयूसी मात्र पास!

दिल्ली आणि गुरुग्राममध्ये डिसेंबर २०२२ पासून चार-पाच महिने रस्त्याच्या कडेला प्रकाशकिरणांची यंत्रे लावून एक लाखाहून जास्त धावत्या वाहनांचे उत्सर्जन मोजले गेले. आंतरराष्ट्रीय स्वच्छ वाहतूक परिषदेने २०२४ मध्ये त्याचे निष्कर्ष दिले. बीएस-६ खासगी मोटारींचे नायट्रोजन ऑक्साइड बीएस-४ च्या तुलनेत ८१ टक्के कमी दिसले, ही आनंदाची बाब. पण सीएनजीच्या काही मालवाहू गाड्या प्रयोगशाळेतल्या मर्यादेच्या १४ पटींपर्यंत आणि टॅक्सी ४ पट नायट्रोजन ऑक्साइड सोडत होत्या. सीएनजी म्हणजे स्वच्छ, हे मुंबई-पुण्यातल्या आपल्या मनात इतके घट्ट बसले आहे की हा आकडा पचायला जड जातो. सीएनजीतून काजळी जवळजवळ येत नाही, हे खरेच. पण आधी म्हटल्याप्रमाणे काजळी नसणे म्हणजे नायट्रोजन ऑक्साइड नसणे नव्हे.

आहे ती चाचणी तरी नीट होते का? दिल्लीतल्या पीयूसी केंद्रांच्या २०१५ ते २०२० या काळातल्या नोंदी महालेखापालांनी तपासल्या. पेट्रोल, सीएनजी, एलपीजीच्या १.०८ लाख वाहनांचे आकडे मर्यादेबाहेर असूनही त्यांना पास केले होते. तपासलेल्या डिझेल वाहनांपैकी २४ टक्क्यांच्या बाबतीत चाचणीचा आकडाच नोंदवलेला नव्हता. पीयूसी नसेल तर कायद्यात १० हजार रुपयांपर्यंत दंड आणि कैदेचीही तरतूद आहे. इतकी कडक शिक्षा ज्या कागदासाठी आहे, त्याची ही अवस्था.

उपाय आकाशातून आणायचे नाहीत. नेदरलँड्स आणि जर्मनीने २०२३ पासून फिल्टर असलेल्या डिझेल गाड्यांच्या नियमित तपासणीत कण मोजणारी यंत्रे आणली. गाडी जागेवर उभी असताना एका घन सेंटिमीटरमध्ये किती कण, एवढेच ते यंत्र सांगते. नेदरलँड्समध्ये मर्यादा दहा लाखांची आहे, जर्मनीत अडीच लाखांची. फुटका फिल्टर त्यात लगेच उघडा पडतो. आपल्याकडे याची सुरुवात ट्रक, बस आणि टेम्पोपासून करावी, कारण त्यांना फिटनेस प्रमाणपत्रासाठी तपासणी केंद्रात जावेच लागते. रस्त्याकडेची यंत्रे तर आपल्याला नवीनही नाहीत. कोलकात्यात ती २००९ मध्येच आली. महामार्गांच्या टोलनाक्यांजवळ ती लावली तर सर्वांना रांगेत उभे न करता जास्त ओकणारी मोजकी वाहने बाजूला काढता येतील.

यावर पहिला आक्षेप येईल तो खर्चाचा, आणि तो खोटा नाही. रिक्षावाल्याच्या माथी आणखी एक महागडी चाचणी मारणे अन्यायाचे ठरेल. म्हणून जबाबदारी आधी उत्पादकावर हवी. कॅटॅलिस्ट आणि फिल्टर किती वर्षे टिकेल याची हमी त्याने द्यावी आणि रस्त्यावरच्या गाड्या अधूनमधून उचलून सरकारने ती तपासावी. एखादे मॉडेल सरसकट नापास होत असेल, तर पर्यावरणाला हानी करणारा दोष म्हणून वाहने परत बोलावण्याचा अधिकार २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात आला आहे. त्यासाठी नवा कायदा करावा लागणार नाही.

तोवर गाडीमालकांना तीन गोष्टी सांगतो. डॅशबोर्डवर पिवळा इंजिनचा दिवा लागला आणि गाडी चालतेय ना, म्हणून तसेच फिरत राहू नका. तो दिवा पुष्कळदा उत्सर्जनाचा बिघाडच सांगत असतो. डिझेल गाडीचा फिल्टर ‘चोक होतो, काढून टाकू’ असे गॅरेजवाला म्हणाला तर नकार द्या. बहुतेकदा फक्त शहरातल्या छोट्या फेऱ्यांमुळे तो तुंबतो आणि हायवेवर सलग अर्धा तास चालवली की स्वतःच साफ होतो. आणि युरियाच्या टाकीत पाणी घालू नका.